आमांशाचा अमीबा आणि पोशिंदा पेशी : ‘विलय’ या रूपकाची चिकित्सा

प्रास्ताविक

फ्रिट्झ शाउडिन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये आमांशाच्या अमीबाला ‘हिस्टोलिटिका’ हे जातिनाम दिले. ग्रीक भाषेतील ऊतक आणि विलय या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते तयार झाले असून ‘ऊतक विरघळविणारा’ असा त्याचा सरळ अर्थ होतो. त्यापूर्वी १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे फ्योदोर ल्योश याने एका आमांशग्रस्त शेतकऱ्याच्या विष्ठेत हा जीव प्रथम पाहिला होता. परंतु त्याने दिलेले साधे नाव मागे पडले आणि शाउडिनचे नाव रूढ झाले. शवविच्छेदनात मोठ्या आतड्याच्या भिंतीवर दिसणारे चंबूच्या आकाराचे व्रण, अरुंद तोंडाचे व आत पसरत गेलेले, पाहणाऱ्याला ‘विरघळणे’ हाच शब्द सुचावा हे स्वाभाविक होते. मात्र नाव परिणामाचे होते आणि ते हळूहळू कारणाच्या जागी जाऊन बसले. पदवी स्तरावरील प्राणिशास्त्राच्या अध्यापनात आजही ‘अमीबा हिस्टोलायसिन नावाचे विकर स्रवतो, त्यामुळे आतड्याचे अस्तर विरघळते आणि व्रण होतात’ हे एक वाक्य सांगितले जाते, लिहून घेतले जाते आणि परीक्षेत तसेच परत मिळते. या वाक्यात अमीबा पेशीपर्यंत कसा पोहोचतो, तिला कसा ओळखतो आणि तिच्याशी कसा जडतो, या तिन्ही गोष्टींना जागा नाही.

गंमत अशी की, मराठी बोलीत ही जागा पूर्वीपासून आहे. संसर्गजन्य रोग ‘लागतो’, त्याची ‘लागण’ होते, तो ‘जडतो’. ‘संसर्ग’ या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ संपर्क हाच आहे. धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत आमांशाच्या रुग्णाला ‘आव पडते’ असे म्हणतात. ‘आव’ म्हणजे आतड्यातील चिकट श्लेष्मा. संस्कृत ‘आम’ या शब्दाशी तिचे नाते आहे आणि ‘आमांश’ या संज्ञेतही तोच शब्द बसलेला आहे. अमीबाच्या जडण्याविषयी गेल्या चार दशकांत जे संशोधन झाले, ते या दोन लोकशब्दांच्या, म्हणजे ‘लागण’ आणि ‘आव’ यांच्या, कितीतरी जवळ जाणारे आहे. हा योगायोग असला तरी अध्यापनाच्या दृष्टीने तो उपेक्षणीय नाही.

चूषक आणि आकडे : मराठवाड्यातील परजीवीशास्त्राचा वारसा

मराठवाड्यातील महाविद्यालयीन प्राणिशास्त्राला परजीवींचा अभ्यास परका नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठात पट्टकृमींच्या वर्गीकरणाची एक भक्कम परंपरा उभी राहिली. वाम माशाच्या आतड्यात राहणाऱ्या ‘सेंगा’ या प्रजातीच्या जातिनामांत गोदावरी, औरंगाबाद आणि पैठण ही नावे आली, ती याच परंपरेमुळे. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील, त्यात धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयेही आली, अनेक प्राध्यापकांचे शोधप्रबंध मेंढ्या, कोंबड्या आणि गोड्या पाण्यातील मासे यांच्यातील पट्टकृमींवर आधारलेले आहेत. मर्यादित साधनांत, साध्या सूक्ष्मदर्शकावर आणि रंजित काचपट्ट्यांवर झालेले हे काम कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि या वारशाने ‘जडणे’ या क्रियेचे एक ठरावीक चित्र मनात रुजविले. पट्टकृमीच्या शीर्षावर चूषक असतात, काहींमध्ये आकड्यांचे वलय असते, सेंगासारख्यांत खाचांसारखे बोथ्रिया असतात. या अवयवांनी कृमी आतड्याला धरून राहतो. जडणे म्हणजे यांत्रिक पकड, आणि ज्याला पकडीचा अवयव नाही तो जडत नाही, असा निष्कर्ष त्यातून नकळत निघतो. अमीबाला चूषक नाहीत, आकडे नाहीत. म्हणून त्याच्या बाबतीत जडण्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही आणि ‘विकर स्रवून विरघळविणे’ एवढेच सांगण्यासारखे उरते. वर्गीकरणाच्या शिस्तीत अवयव हा पुरावा असतो. रेणूच्या पातळीवरील पकड काचपट्टीवर रंगवून दाखविता येत नाही, हे येथील खरे अडचणीचे मूळ आहे.

पारिभाषिक शब्दानेही या अडचणीत भर घातली आहे. या क्रियेसाठी मराठीत सामान्यतः ‘आसंजन’ हा शब्द वापरला जातो. तो भौतिकशास्त्रातून आला. पाणी काचेला चिकटते ते आसंजन, पाण्याचे रेणू परस्परांना धरतात ते संसंजन. पाणी काच निवडत नाही. स्वच्छ काच मिळाली की ते चिकटते. अमीबा मात्र निवडतो. ‘आसंजन’ या शब्दातून ही निवड गळून जाते, आणि या विषयाचा सारा अर्थ तर तिच्यातच आहे.

१९८१ नंतरचा पुरावा

अमीबा पेशीला मारतो तो स्पर्शानेच, हे प्रयोगशाळेत बऱ्याच आधी लक्षात आले होते. अमीबा वाढविलेले द्रव गाळून ते पेशींवर घातले तर पेशी तशा मरत नाहीत. अमीबा स्वतः त्यांना येऊन भिडावा लागतो. पाठ्यपुस्तकातील विकर दुरून काम करीत असते तर असे झाले नसते. १९८१ मध्ये रॅव्हडिन आणि गेरंट या अमेरिकन संशोधकांनी हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. त्यांनी चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातील पेशी आणि अमीबा एकत्र ठेवले व त्यात एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइन ही शर्करा मिसळली. अमीबा पेशींना चिकटेनासे झाले आणि पेशी मरेनाशा झाल्या. एका साध्या शर्करेने एका मारेकऱ्याचे हात बांधावेत, ही घटना ‘विलय’ या रूपकात बसत नाही. ती एकाच पद्धतीने समजते : अमीबाच्या पृष्ठभागावर शर्करा ओळखणारे काही तरी आहे आणि मोकळ्या शर्करेने ते आधीच भरून गेले आहे.

ते ‘काही तरी’ १९८७ मध्ये पेट्री, रॅव्हडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केले. ते सुमारे २६० किलोडाल्टन वजनाचे प्रथिन असून त्यात १७० किलोडाल्टनची जड व ३१ ते ३५ किलोडाल्टनची हलकी शृंखला असते. सुमारे १५० किलोडाल्टनचा आणखी एक घटक त्याच्याशी निगडित राहतो. गॅलॅक्टोस आणि एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइन या शर्करा ओळखण्याचे काम जड शृंखला करते. १९८८ मध्ये हीच गोष्ट उलट बाजूने सिद्ध झाली. ज्यांच्या पृष्ठभागावर या शर्करा नीट बसविल्याच जात नाहीत अशा उत्परिवर्तित हॅमस्टर पेशी घेतल्या असता अमीबाची त्यांवरील पकड लक्षणीय प्रमाणात सैल पडली. ओळखणारा आणि ओळखला जाणारा, दोन्ही टोके हाती आली.

अशा शर्करा ओळखणाऱ्या प्रथिनांना ‘लेक्टिन’ म्हणतात. विल्यम बॉइड याने १९५४ मध्ये हा शब्द लॅटिनमधील ‘निवडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून घडविला. ‘आसंजन’ या शब्दात जे हरवले ते ‘लेक्टिन’ या शब्दाच्या पोटात आहे. आणि लेक्टिन ही काही परदेशी प्रयोगशाळेतील दुर्मीळ वस्तू नव्हे. १८८८ मध्ये श्टिलमार्क याने दोर्पात येथील आपल्या प्रबंधात रक्तपेशींचे गुच्छ करणारे पहिले असे प्रथिन वर्णिले ते एरंडाच्या बीतील होते. भुईमुगाच्या दाण्यात लेक्टिन आहे. कळंब-वाशीपासून उमरग्यापर्यंत खरिपात ज्याचा पेरा सर्वत्र दिसतो, त्या सोयाबीनमधील लेक्टिन नेमके एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइन आणि गॅलॅक्टोस यांनाच धरते, म्हणजे अमीबाचे लेक्टिन ज्या शर्करा शोधते त्याच. शिजविल्यावर ते निष्क्रिय होते, म्हणून आहारात त्याची बाधा होत नाही. कच्च्या सोयाबीनच्या पाण्यातील अर्काने काचपट्टीवर रक्तपेशींचे गुच्छ होणे आणि गॅलॅक्टोस घालताच ते न होणे, हा प्रयोग १९८१ च्या त्या प्रयोगाचाच धाकटा भाऊ आहे. जिल्ह्याच्या मुख्य पिकातून अमीबाच्या जडण्याचे तत्त्व दाखविता येते आणि तरीही अध्यापनात ते येत नाही, यात साधनांच्या अभावाचा वाटा किती आणि रूपकाच्या दडपणाचा किती, याचा विचार व्हावयास हवा.

आव : जडण्याची पहिली जागा

मोठ्या आतड्यात अमीबाला प्रथम भेटते ती पेशी नव्हे, श्लेष्मा. आतड्याच्या अस्तरावर म्यूसिन या प्रथिनाचा जाड थर असतो आणि या प्रथिनावर शर्करांच्या असंख्य साखळ्या लटकलेल्या असतात. त्यांत गॅलॅक्टोस आणि एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइन विपुल असतात. १९८७ मध्ये चाडी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदराच्या व माणसाच्या आतड्यातील म्यूसिन अमीबाच्या याच लेक्टिनला बांधते आणि पेशीशी होणारी त्याची जोडणी रोखते. म्हणजे ज्या हाताने अमीबा पेशीला धरणार, तो हात श्लेष्मा आधीच गुंतवून ठेवतो. संसर्ग झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना कोणताही त्रास होत नाही, या सर्वज्ञात गोष्टीमागील एक कारण येथे दिसते. अमीबा श्लेष्म्यात जडलेला असतो, जीवाणू खात असतो आणि तेथेच राहतो.

रोग तेव्हा सुरू होतो जेव्हा हा थर तुटतो. अमीबाची सिस्टीन प्रोटिएज गटातील विकरे म्यूसिनचे जाळे छेदतात, हे २००६ पर्यंत स्पष्ट झाले होते. तेव्हा विकरांची भूमिका खोटी नाही. पाठ्यपुस्तकाने ती चुकीच्या जागी ठेवली आहे. विकर वाट मोकळी करते, मग लेक्टिन पेशी धरते, त्यानंतर ७७ अमिनो आम्लांची अमीबापोअर ही छोटी प्रथिने पेशीपटलात छिद्रे पाडतात. क्रमाचा हा फरक परीक्षेच्या दृष्टीने किरकोळ वाटेल. परंतु क्रम ठाऊक नसला तर रोगप्रतिकाराचा प्रश्नही चुकीच्या जागी विचारला जातो. ढाक्यातील मीरपूर वस्तीत बालकांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात २००१ मध्ये असे आढळले की, ज्यांच्या आतड्यात लेक्टिनविरोधी आयजीए प्रतिद्रव्य होते त्यांना नव्याने संसर्ग होण्याचे प्रमाण कमी राहिले. शरीर येथे विषाचा उतारा तयार करीत नाही. ते परजीवीचा हात धरते.

रुग्णांच्या भाषेतील ‘आव पडणे’ याच थराच्या तुटण्याचे वर्णन करते. ‘हिस्टोलिटिका’ हे नाव शवविच्छेदनाच्या टेबलावर जन्मले, तर ‘आव’ हा शब्द जिवंत माणसाच्या यातनेतून आला. त्यातला अधिक अचूक कोणता, हे आता सांगता येते.

सूक्ष्मदर्शकाखालील एकसारखे दोघे

या चर्चेचा संबंध केवळ शब्दांशी असता तर ती येथे थांबविता आली असती. परंतु धाराशिवसारख्या जिल्ह्यात तिचा संबंध रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालाशी येतो. बालाघाटाच्या पठारावरील हा अवर्षणप्रवण जिल्हा. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या उन्हाळ्यात आटतात, आणि टंचाईच्या वर्षी टँकरच्या पाण्यावर गावे दिवस काढतात. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत तत्कालीन उस्मानाबादचा समावेश केला, तोही त्याच्या मागासलेपणाचीच नोंद होता. ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. त्याने जीवाणू मरतात, पण चार केंद्रकांची, १० ते १५ मायक्रॉन व्यासाची अमीबाची पुटी नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला सहसा दाद देत नाही. पाणी उकळले तर ती मरते. मात्र इंधनाचा हिशेब ज्या घरात रोज मांडावा लागतो तेथे हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड.

अशा परिस्थितीत विष्ठेच्या तपासणीत पुटी दिसली की अहवालावर ‘ई. एच. सिस्ट’ अशी नोंद होते आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सुरू होतात. अडचण अशी की, एमिल ब्रुम्प्ट या फ्रेंच परजीवीतज्ज्ञाने १९२५ मध्येच प्रतिपादन केले होते की, अगदी तशाच पुट्या तयार करणारी, पण निरुपद्रवी अशी दुसरी जाती अस्तित्वात आहे. तिला त्याने ‘डिस्पार’ म्हटले. त्याचे कोणी ऐकले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यात फरक दिसत नाही ते वेगळे कसे, हा त्या वेळचा युक्तिवाद होता. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी जैवरासायनिक व जनुकीय पुराव्यांनिशी ब्रुम्प्टला न्याय दिला. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने सूचना केली की, केवळ सूक्ष्मदर्शकाने पुटी दिसल्यास ‘हिस्टोलिटिका अथवा डिस्पार’ असे लिहावे आणि डिस्पार असल्यास उपचार करू नये. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुउद्धृत अंदाजानुसार जगात सुमारे ४८ कोटी लोकांच्या आतड्यांत ‘हिस्टोलिटिका’ होता. आता असे मानले जाते की, त्यांतील बहुतेकांत तो डिस्पारच असावा.

या दोघांना वेगळे ओळखण्याची एक व्यवहार्य चाचणी लेक्टिनवरच आधारलेली आहे. डिस्पारलाही लेक्टिन असते, पण त्याची रचना काहीशी भिन्न आहे, आणि हिस्टोलिटिकाच्याच लेक्टिनला धरणारी प्रतिद्रव्ये वापरून विष्ठेतील प्रतिजन शोधता येते. जडण्याचा रेणू असा निदानाचा रेणू ठरला. ही चाचणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत उपलब्ध नसेल तर किमान अहवालातील शब्द तरी बदलता येतो. त्याला खर्च लागत नाही. हालचाल करणाऱ्या ट्रोफोझॉइट अवस्थेच्या पोटात रक्तपेशी दिसल्या तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो, हेही त्याच सूक्ष्मदर्शकाने पाहता येते. उलट केवळ पुटी पाहून बालकाला वारंवार औषध द्यायचे आणि जुलाबाचे खरे कारण शोधायचे राहून जायचे, ही किंमत ‘पुटी म्हणजे विलय’ या समीकरणाची आहे. शिवाय मेट्रोनिडॅझोल ऊतकातील अमीबावर प्रभावी असले तरी आतड्याच्या पोकळीतील पुट्यांवर पुरेसे पडत नाही. त्यासाठी डायलॉक्झनाइडसारखे वेगळे औषध लागते. तेव्हा पुटी पाहून जे औषध दिले जाते ते पुटीवरच फारसे चालत नाही.

शेतातील दुसरा अमीबा

एका परजीवीवरून सिद्धान्त बांधू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माती आणि पाणी यांत मुक्तपणे राहणाऱ्या अकँथअमीबाचे उदाहरण येथे विचारात घेणे आवश्यक ठरते. पाश्चात्त्य ग्रंथांत त्याचा नेत्ररोग कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा मानला जातो. भारतात चित्र निराळे आहे. लेन्स कधीही न वापरलेल्या भारतीय रुग्णांची नोंद १९९० मध्येच वैद्यकीय वाङ्मयात झाली. ज्वारीचे कुसळ, उसाचे पाचट वा धुळीचा कण डोळ्यात जाणे आणि तो गढूळ पाण्याने धुणे, हा येथील परिचित मार्ग आहे. हा अमीबा बुबुळावरील मॅनोस ही शर्करा ओळखून तेथे जडतो. १९९० च्या दशकातील प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट आढळली : मोकळे मॅनोस घातले तर अमीबाचे जडणे थांबते, परंतु त्याच वेळी पेशी मारणारे द्रव्य तो अधिक प्रमाणात स्रवू लागतो. जणू मॅनोसचा स्पर्श हाच त्याला इशारा असतो.

या ठिकाणी वर्गात सर्रास वापरले जाणारे ‘कुलूप-किल्ली’ हे रूपकही अपुरे पडते. किल्लीच्या भोकात मेण भरले की दार उघडत नाही, आणि प्रश्न मिटतो. येथे भोक बुजविले असता घराच्या आतील कोणी जागे होते. आमांशाच्या अमीबातही लेक्टिनचा पटलाच्या आतील टोकाशी असलेला भाग पेशीच्या आतून नियंत्रित होतो, हे १९९८ मध्ये दिसून आले. पकड घट्ट करावयाची की सैल, याचा निर्णय अंशतः आतून होतो. जडणे ही अशी दुहेरी देवघेव आहे. नाकावाटे मेंदूत जाणाऱ्या नेग्लेरियाची रीत आणखी वेगळी असून तिचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

लचका

२०१४ मध्ये कॅथरीन राल्स्टन, पेट्री आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जे प्रसिद्ध केले त्याने ‘विलय’ या शब्दाची उरलीसुरली बाजूही ढासळली. जिवंत पेशींचे पटल रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता असे दिसले की, अमीबा पेशीला जडल्यानंतर तिचे छोटे छोटे तुकडे तोडून गिळतो; पेशी अजून जिवंत असते. अनेक लचके तुटल्यावर ती मरते, आणि ती मेली की अमीबा तिला सोडून दुसरीकडे वळतो. आधी मारणे व मग खाणे, हा मानला गेलेला क्रम उलटा निघाला. या क्रियेला ‘कुरतडणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ट्रोगोसायटोसिस’ म्हणतात. तीसाठी मराठीत संस्कृतनिष्ठ संज्ञा घडविण्याची घाई करण्यापेक्षा ‘लचके तोडणे’ हा जुना वाक्प्रचार अधिक नेमका ठरावा. त्यात धरणे, ओढणे आणि सजीवाचे मांस या तिन्ही गोष्टी आहेत. लेक्टिन रोखले की लचकेही थांबतात, हेही त्याच अभ्यासात दिसले.

२०१९ मध्ये राल्स्टन यांच्याच प्रयोगशाळेने पुढची पायरी गाठली. लचके तोडलेल्या मानवी पेशींच्या पटलातील प्रथिने अमीबा पचवून संपवीत नाही. त्यातील काही तो स्वतःच्या पृष्ठभागावर मांडतो. असा अमीबा मानवी रक्तद्रवात ठेवला असता तेथील पूरक प्रथिने त्याला सहजी मारू शकत नाहीत. जो पोशिंद्याच्या पेशीला जडला, त्याच्या अंगावर आता पोशिंद्याची पेशी जडलेली असते. यकृतापर्यंतचा त्याचा रक्तातील प्रवास यामुळे कितपत सुकर होतो, हा यापुढील प्रयोगांचा प्रश्न आहे. ‘ऊतक विरघळविणारा’ हे नाव धारण करणारा जीव ऊतकाचा काही अंश न विरघळविता पांघरून फिरतो, एवढे मात्र काचपट्टीवर दिसले आहे.